खत मुरलेले, पाणी ताजे

दिवसभराची कामे उरकून तुम्ही इथे जमला आहात. तेव्हा आम्ही फार लांबण लावणार नाही. उपयोगाचे तेवढे सांगू.

आजचा विषय आहे खताचे पाणी. कुजलेले कंपोस्ट खत पाण्यात भिजवायचे, ढवळायचे, गाळायचे आणि ते पाणी झाडांच्या मुळाशी घालायचे. कोणी याला कंपोस्टचा अर्क म्हणतात. कोणी खताचा चहा म्हणतात. आपण आपले खतपाणी म्हणू. शब्द जुना आहे आणि तोंडात बसलेला आहे.

आपल्या गंगापूर रोडला हा विषय घरोघरचा आहे. शहराच्या बाजूला बंगल्यांच्या बागा आणि गच्चीवरच्या कुंड्या. आनंदवल्ली, सोमेश्वर मागे टाकले, गंगापूर आणि गोवर्धन ओलांडले, की मळे लागतात. पुढे गिरणाऱ्याकडे टोमॅटो आणि द्राक्षे. ज्याला मळा नाही त्याच्या दारात निदान चार वांगी, एक दोडक्याचा वेल आणि तुळस असतेच.

खतपाण्याविषयी लोक दोन गोष्टी विचारतात. ते करायचे कसे? आणि ते टिकवायचे कसे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्ही एकदा चुकीचे दिले. त्या चुकीपासूनच सुरुवात करतो.

आमची चूक

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही तेव्हा एका शाळेत मुख्याध्यापक होतो. शाळेला लहानशी परसबाग होती. चौथीच्या मुलांनी वांग्याची रोपे टाकली होती. बी एका मुलीच्या आईने दिले होते. तिच्या माहेरचे गावरान बी. लांबट, हिरव्या पट्ट्यांचे वांगे. तिने ते राखेत घोळून गाडग्यात जपून ठेवले होते. त्यातले निम्मे तिने शाळेला दिले.

दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी आम्ही मुलांना खतपाणी करून दाखवले. मोठे पिंपभर केले. बागेला घालून वीस लिटर उरले. आम्ही पडलो काटकसरी. टाकून कसे द्यायचे? आम्ही ते प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये भरले. बूच घट्ट लावले. कॅन कचेरीच्या कोपऱ्यात ठेवला. आणि मुलांसाठी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले, 'उरलेले खतपाणी झाकून जपून ठेवावे.' मुलांनी ते वहीत उतरून घेतले.

सुट्टी संपली. कचेरीचे दार उघडले तर कॅन फुगून गरगरीत झालेला. बूच सैल करताच फस्स् करून वारा सुटला. अशी घाण आली की शिपाई नाकाला धोतराचा सोगा लावून बाहेर पळाला. तेव्हाच शहाणे व्हायचे. पण आम्ही म्हणालो, "चांगले मुरले आहे. जितके मुरेल तितके गुणकारी." आणि ते पाणी तसेच, त्यात साधे पाणी न मिसळता, बोट-दीड बोट उंचीच्या रोपांना घातले.

तिसऱ्या दिवशी रोपे माना टाकून पडली. एक उपटून पाहिले. पांढरी मुळे तपकिरी झाली होती आणि हाताला चिकट लागत होती. अख्खा वाफा गेला.

ती मुलगी वाफ्याजवळ बसून रडली. दुसऱ्या दिवशी तिची आई आली. आम्हांला वाटले, बियाण्याबद्दल भांडेल. ती भांडली नाही. म्हणाली, "गुरुजी, बी गेलं त्याचं काही नाही. पण पोरगी रात्रभर एकच विचारती. फळ्यावर लिहिलेलं खोटं कसं झालं?"

मंडळी, त्या बाईला तेव्हा वाचता येत नव्हते. वाचता न येणाऱ्या माणसाचा लिहिलेल्या अक्षरावर केवढा भरवसा असतो, ते आम्हांला त्या दिवशी कळले. प्रार्थनेच्या वेळी आम्ही सगळ्या मुलांसमोर सांगितले, "फळ्यावरचे चुकले. आमचे चुकले." मग वहीतले ते वाक्य मुलांना खोडायला लावले.

पाणी का नासले?

आता हे झाले कसे ते पाहू.

चांगले कंपोस्ट म्हणजे नुसती माती नव्हे. ते जिवंत असते. चिमूटभर खतात डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव असतात. ते पालापाचोळा कुजवतात आणि झाडाला खाता येईल असे अन्न तयार करतात. त्यांतल्या कामाच्या जीवांना आपल्यासारखीच हवा लागते.

खत पाण्यात कालवले की हे जीव पाण्यात उतरतात. खतातले थोडे अन्नही पाण्यात उतरते. जीव ते अन्न खातात, वाढतात आणि पाण्यातली हवा वापरतात. पाणी उघडे असेल, आपण ढवळत असू, तर नवी हवा मिसळत राहते. बूच घट्ट लावले की नवी हवा बंद. आतली हवा काही तासांतच संपते. मग हवेवाचून जगणारे दुसरे जीव वाढतात. त्यांच्या कामातून आंबटपणा आणि कुजक्या अंड्यासारखा वास तयार होतो. वायू साठतो, म्हणून कॅन फुगतो. असे पाणी कोवळ्या मुळांना सोसत नाही.

आम्ही हे सांगत असताना एका आजोबांनी विचारले, "गुरुजी, गंगापूर धरणातलं पाणी वर्षभर राहतं. मग पिंपातलं आठ दिवसांत का नासतं?"

प्रश्न मोठा चांगला. गंगापूर धरण फार वर्षांपूर्वी पुरे झाले. तेव्हापासून नाशिक त्याच्या पाण्यावर जगते. पण धरणाचे पाणी उघड्यावर आहे. त्यावर वारा खेळतो, लाटा उठतात, नवे पाणी येते, जुने जाते. आणि त्यात आपण किलोकिलोने खत कालवलेले नसते. धरणातले ते पाणी, आणि पिंपातले ते पीठ कालवलेले पाणी असे समजा. आंबोळीचे पीठ रात्रभर ठेवले तर फुगते. आठ दिवस ठेवले तर? घरातली बाई ते उकिरड्यावरच टाकील. खतपाण्याचेही तसेच आहे.

आधी खत, मग पाणी

म्हणून पहिली गोष्ट ही लक्षात ठेवा. टिकवायचे ते खत. पाणी टिकवायचे नाही. खत घरात असले की पाणी केव्हाही करता येते.

कंपोस्ट आपल्याला अगदी नवे नाही. उकिरडा आपल्याकडे पूर्वीपासून आहे. पण उघड्या उकिरड्यातला कस उन्हाने उडतो आणि पावसाने वाहून जातो. शंभर वर्षांपूर्वी इंदूरला यावर पद्धतशीर काम झाले. अल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ तिथे होते. त्यांचे सहकारी होते यशवंत वाड. दोघांनी मिळून १९३१ साली शेतातल्या टाकाऊ मालावर पुस्तक लिहिले. त्यांच्या रीतीला इंदूर पद्धत म्हणतात. काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत मुरलेली माती आणि थोडी राख यांचे थर द्यायचे. ढीग ओला ठेवायचा. तीनदा वरखाली करायचा. तीन महिन्यांत खत तयार होते. हॉवर्ड आणि वाड यांनी आपल्या शेतकऱ्याच्याच वस्तू घेतल्या आणि त्यांना शिस्त लावली.

पुढे विदर्भातल्या पुसदला ना. दे. पांढरीपांडे यांनी आणखी एक रीत काढली. लोक त्यांना नाडेपकाका म्हणत. त्यांच्या नावाच्या अक्षरांवरूनच 'नाडेप खत' हे नाव पडले. त्यात विटांचे टाके बांधतात. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच. भिंतीत मुद्दाम भोके ठेवतात. का? हवा जावी म्हणून. तिथे ढीग वरखाली करावा लागत नाही.

पाहा, इंदूरची रीत घ्या की पुसदची. दोन्हींचे मर्म एकच. खताला हवा पाहिजे. खताला पाहिजे तर खताच्या पाण्यालाही पाहिजे. आम्ही बूच लावून तीच तोडली होती.

आपल्याकडे माल काही कमी नाही. थंडी सरता सरता रस्त्याकडेला पानांचे ढीग पडतात. कुठे कुठे ते पेटवून देतात. धूर होतो आणि खत जळते. देवाचे निर्माल्य आपण गोदेत सोडतो. फुलेही मातीतून आली. ती मातीला परत दिली तर देवाला राग येणार नाही. मात्र निर्माल्यातले दोरे, प्लॅस्टिक आणि कापराच्या पुड्या आधी वेचून काढा.

खत पिकले की नाही, हे कसे ओळखावे? रंग काळपट तपकिरी. हाताला भुसभुशीत. वास पहिल्या पावसात मातीला येतो तसा. पान पान म्हणून ओळखू येत नाही. ढिगात लोखंडी पहार खुपसून थोड्या वेळाने काढा. पहार चटका देत असेल तर आत अजून काम चालू आहे. गार लागली आणि वासही चांगला असला तर खत झाले. तरी शंका असेल तर मूठभर ओले खत पिशवीत बांधून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर घाण आली तर ते कच्चे आहे. कच्च्या खताचे पाणी करू नका. कच्च्या शेणाचेही नको. चांगला ढीग आतून इतका तापतो की रोगाचे पुष्कळ जंतू आणि तणाचे बी त्यात मरून जाते. ताज्या शेणाला तो ताव मिळालेला नसतो.

खतपाणी करण्याची रीत

आता कृती सांगतो. वहीत लिहून घ्या.

सामान असे. १५ लिटरची एक बादली. १० लिटर पाणी. २ किलो पिकलेले खत. जुन्या लुगड्याचा किंवा गोणपाटाचा तुकडा. एक सुतळी आणि एक काठी. खत एकदा काट्यावर मोजा. ते ज्या भांड्यात मावेल ते भांडे पुढे माप म्हणून वापरा.

पहिले काम पाण्याचे. विहिरीचे पाणी असेल तर तसेच घ्या. नळाच्या पाण्यात जंतू मारण्याचे औषध असते. ते आपल्या पोटाला चांगले, पण खतातल्या जीवांनाही मारते. म्हणून नळाचे पाणी आदल्या दिवशी बादलीत भरून उघडे ठेवा. वर पातळ फडके टाका. औषधाचा वास उडून जातो.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास खताची पोटली बांधा. पोटली फार आवळू नका. ती पाण्यात सोडा. कपडे खळबळतो तशी दहा मिनिटे खळबळा. मग पोटली पाण्यातच राहू द्या. दर तासाला काठीने ढवळा. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. पाण्यात भोवरा पडला पाहिजे. भोवऱ्याबरोबर हवा आत जाते.

चार-पाच तासांत पाणी चहाच्या रंगाचे होते. पोटली पिळून काढा. वास घ्या. मातीचा वास आला तर पाणी साधले. आंबूस किंवा सडका आला तर ते बागेला घालू नका. उकिरड्यावर ओता.

पोटलीतला चोथा फेकू नका. तो आंब्याच्या, लिंबाच्या किंवा पेरूच्या बुंध्याशी घाला. खताचा बराचसा कस त्यातच राहिलेला असतो.

कोणी विचारील, यात गूळ घालावा का? आमचे सांगणे, घालू नये. गुळाने जीव भराभरा वाढतात, हवा लवकर संपते. आणि खतात एखादा रोगाचा जंतू उरला असेल तर त्यालाही गूळ मिळतो.

मग जीवामृतात गूळ असतो तो कसा? जीवामृत ही वेगळी वस्तू आहे. अमरावती जिल्ह्यातले सुभाष पाळेकर यांनी तिचा प्रसार केला. त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. जीवामृतात २०० लिटर पाण्याला ताजे शेण, गोमूत्र, गूळ, डाळीचे पीठ आणि मूठभर बांधावरची माती घालतात. ते सावलीत ठेवून ढवळतात आणि ठरलेल्या मुदतीत जमिनीला देऊन संपवतात. तेही साठवणीचे नाही. दशपर्णी अर्क आणखी वेगळा. तो किडीसाठी असतो. त्यात पाला महिनाभर कुजवतात. त्याची मुदत निराळी, त्याचे प्रमाण निराळे. तिन्ही पिंपे दुरून सारखी दिसतात. म्हणून घोटाळा होतो. एकाची मुदत दुसऱ्याला लावू नका.

घालावे कसे?

संध्याकाळी ऊन उतरल्यावर घाला. माती आधी साध्या पाण्याने ओली करा. मोठ्या झाडाला एक तांब्या खतपाणी आणि एक तांब्या साधे पाणी. कोवळ्या रोपांना एक तांब्या खतपाण्यात चार तांबे साधे पाणी. झारीने मुळाशी घाला. पंधरा दिवसांतून एकदा पुरे.

मेथी, कोथिंबीर, मुळा, काकडी यांच्या पानांवर आणि फळांवर हे पाणी शिंपडू नका. या वस्तू आपण कच्च्या खातो. पाणी मुळाला द्या, पानाला नको. काम झाल्यावर साबणाने हात धुवा. भाजी नेहमी स्वच्छ धुऊन खा.

आता एक हिशेब करू. चांगल्या कंपोस्टच्या १०० किलोत नत्र साधारण १ किलो असते. मग २ किलोत किती? २० ग्रॅम. त्यातलेही थोडेच पाण्यात उतरते. ते १० लिटरमध्ये वाटले जाते. म्हणजे खतपाणी हे झाडाचे जेवण नव्हे. ते विरजण आहे. चमचाभर विरजणाने पोट भरत नाही, पण दुधाचे दही होते. तसे मातीत खत आधी घातलेले असेल, पाचोळ्याचे आच्छादन असेल, तर खतपाणी तिथे कामाला लागते. उघड्या, कडक मातीवर नुसते खतपाणी ओतून पीक येणार नाही.

खतपाण्याने रोग जातो असेही काही जण सांगतात. कुठे गुण दिसला आहे, कुठे दिसलेला नाही. त्यावर विसंबू नका. पीक रोगट झाले तर फांदी तोडून पिशवीत घाला आणि जाणकाराला दाखवा. आपल्याकडे धरणाजवळ मुक्त विद्यापीठाचे आवार आहे. ते विद्यापीठ १९८९ साली निघाले. त्यांचे कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथे विचारायला लाजू नका.

ठेवावे कसे?

आता साठवणीचे नियम.

खत सावलीत ठेवा. छपराखाली किंवा झाडाखाली. वर गोणपाट टाका. ते सुकू देऊ नका आणि भिजूही देऊ नका. मूठ आवळली तर एक-दोन थेंब निघावेत एवढी ओल ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधू नका. असे खत काही महिने चांगले राहते.

खतपाणी त्याच संध्याकाळी संपवा. जेवढी झाडे तेवढेच करा. पाहुणे पाहून भात शिजवतो तसे. एखाद्या दिवशी पाऊस आला आणि घालायचे राहिले, तर बादली सावलीत ठेवा. तोंडावर पातळ फडके बांधा, नाहीतर डास अंडी घालतील. अधूनमधून ढवळा. दुसऱ्या दिवशी सकाळी वास घ्या. वास चांगला असेल तर भरपूर साधे पाणी मिसळून मोठ्या झाडांना घाला. रोपांना नको. त्यापुढे ठेवू नका. शिळ्या कढीला ऊत आणण्यात अर्थ नाही.

घट्ट बुचाच्या कॅनमध्ये कधीच भरू नका. बूच उडून तोंडावर बसेल. सरबताच्या किंवा पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत तर चुकूनही भरू नका. लेकरू चहा समजून तोंडाला लावील. पाण्याने भरलेल्या पिंपाजवळ लहान मुलांना एकटे सोडू नका.

कोणी म्हणेल, दुकानात बाटलीत भरलेले असते, ते कसे टिकते? ते कारखान्यात निवडक जीव वाढवून, काळजी घेऊन भरलेले असते. आणि त्यालाही मुदत असतेच. जैविक खताच्या बाटलीवर ते तयार केल्याची तारीख असते आणि मुदत संपण्याची तारीख असते. ती वाचा. तारीख खोडलेली असेल, चिठ्ठी फाटलेली असेल, बाटली फुगलेली असेल तर घेऊ नका. दारावर येऊन कोणी बिनचिठ्ठीची बाटली उधारीने देऊ लागला तर त्याला विचारा, "यावर तारीख कुठे आहे?" एवढ्या एका प्रश्नाने पुष्कळ जण काढता पाय घेतात.

लिहिता येते, तर लिहा

आणि मंडळी, इथे तुमच्या नव्या विद्येचे काम येते.

तुम्ही अक्षरे शिकलात. सही करता येऊ लागली. एस.टी.ची पाटी वाचता येऊ लागली. आता ही अक्षरे बागेत न्या. बादलीवर, पिंपावर खडूने तीन गोष्टी लिहा. आत काय आहे? केव्हा केले? केव्हापर्यंत वापरायचे? नाव, तारीख आणि मुदत. घरात चार माणसे असतात. करणारे एक, घालणारे दुसरे. लिहिलेले असले की विचारावे लागत नाही आणि चूक होत नाही. आमच्या त्या कॅनवर तारीख असती आणि 'आजच संपवा' असे लिहिलेले असते, तर शाळेची वांगी वाचली असती. लिहिणे आमच्या हातात होते. मुख्याध्यापक होतो आम्ही. फळ्यावर लिहिले, ते चुकीचे लिहिले आणि कॅनवर काहीच लिहिले नाही.

त्या मुलीच्या आईने पुढल्या वर्षी माहेराहून पुन्हा मूठभर बी आणले. त्यातले निम्मे पुन्हा शाळेला दिले. आम्ही नको म्हणत होतो. ती म्हणाली, "या खेपेला पाणी नीट घाला म्हणजे झालं." त्या वर्षी रोपे लागली. मुलांच्या खिचडीबरोबर वांग्याची भाजी झाली.

आम्ही सेवानिवृत्त झालो आणि संध्याकाळचा हा वर्ग घेऊ लागलो, तेव्हा ती बाई पाटी घेऊन पहिल्या रांगेत येऊन बसली. तिची मुलगी तेव्हा कॉलेजात जाऊ लागली होती. बाईंना पहिले सहा महिने जोडाक्षरांनी फार छळले. पण त्यांनी वर्ग सोडला नाही.

परवा आम्ही त्यांच्या घरावरून चाललो होतो. दारात वांग्याचे वाफे. वाफ्याजवळ बादली. बादलीवर पांढऱ्या खडूने लिहिले होते, 'खतपाणी. तारिख ७. दुपारी १२ ला केले. आज संपवा.'

'तारीख' या शब्दातली वेलांटी त्यांनी पहिली काढली होती. दुसरी पाहिजे होती. आमचा हात खडूकडे गेला. बाई दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "काय गुरुजी, चुकलं का?"

आम्ही म्हणालो, "वेलांटी चुकली. बाकी सगळे बरोबर आहे."

त्यांनी पदराने ती वेलांटी पुसली, नीट काढली आणि झारी भरायला घेतली. पाच वाजून गेले होते. पाणी संपवायचे होते.

तर मंडळी, घरी जाल तेव्हा आधी पिंपे उघडून पाहा. सडका वास आला तर ते आज रात्रीच उकिरड्यावर ओता. पिंप धुवा, उन्हात वाळवा. आणि नवे खतपाणी कराल तेव्हा त्यावर तारीख लिहा.